खाली माणूस आहे

पावसला येणारा माणूस स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतो, जमलं तर गणेशगुळ्याला उतरतो, नाहीतर पुढे पूर्णगडाच्या तटावर उभा राहून मुचकुंदी नदीचं मुख पाहतो. त्या उंचीवरून समुद्र मोकळाच दिसतो. प्रत्यक्षात एवढ्याशा पट्ट्यात पाण्याला बरीच गिऱ्हाइकं आहेत: रनपारला कारखान्याच्या जेटीकडे येणारी मालवाहू जहाजं, मिरकरवाड्याहून निघालेले ट्रॉलर, पूर्णगड-गावखडीकडच्या फायबरच्या होड्या, हंगामात मैलभर पसरलेली जाळी. आता पाठीला हवेची टाकी लावून बुडी मारणारा पर्यटकही या गर्दीत यायच्या बेतात आहे. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केव्हाच रुजलं. तिथे पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका बुडवून पाणबुड्यांना ती दाखवायची, अशी योजना राज्य सरकारने हाती घेतली आहे. किनाऱ्यावर एका बंदराला चाललेला धंदा शेजारच्या बंदरात पोहोचायला फार वर्षं लागत नाहीत. टाकी नसलेला पाणबुड्या तर इथे पूर्वीपासून आहेच. पंख्यात जाळं अडकलं की सुरी घेऊन बोटीखाली उतरणारा खलाशी हा कोकणातला पहिला पाणबुड्या. अशा माणसाला वरून जाणाऱ्या बोटीपासून वाचवायचं कसं, हा प्रश्न सहसा पाणबुड्यालाच विचारला जातो. त्याने नीट पाहावं, कान उघडे ठेवावेत, आपल्या बोटीपासून लांब जाऊ नये. हे सगळं त्याने करावंच, पण त्याच्या हातात आपण समजतो त्याहून फार थोडं असतं. ही जबाबदारी मुख्यतः वरच्या माणसाची आहे, आणि त्यातही ती त्याच्या नजरेपेक्षा त्याच्या वेगाशी जास्त जोडलेली आहे.

आधी कानाचं पाहू. बोट येताना ऐकू येत नाही का? येते, उलट फार लांबून येते. पण ती कुठून येते हे कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. आपण आवाजाची दिशा ओळखतो ती मुख्यतः दोन कानांत तो किती अंतराने पोहोचला त्यावरून. हवेत हा फरक जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त असतो. पाण्यात तो चौथ्या हिश्शाहूनही कमी होतो आणि मेंदूच्या हिशेबात बसत नाही. शिवाय पाण्यातला आवाज कानाच्या पडद्याची वाट पाहत नाही. तो कवटीच्या हाडांतूनच थेट आत येतो, दोन्ही बाजूंनी सारखाच. त्यामुळे खालच्या माणसाला इंजिन आपल्या डोक्याच्या आतच चालू आहे असं वाटतं. पाव मैलावरची होडी आणि डोक्यावर आलेली होडी यांतला फरक तो आवाज वाढतोय की कमी होतोय एवढ्यावरूनच ओळखू शकतो. मालवणसारख्या ठिकाणी, जिथे एकाच वेळी पाच-सात इंजिनं चालू असतात, तिथे तेवढाही भेद उरत नाही. पाणबुड्यांच्या शिक्षणात वर येण्याआधी थांबून ऐकायला शिकवतात ते योग्यच आहे. मात्र त्या ऐकण्यातून त्याला एवढंच कळतं की आत्ता वर जाऊ नये. कुठल्या बाजूला सरकावं हे त्यातून कळत नाही.

डोळ्यांची गत याहून वाईट. कोकणातलं पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं नाही. नद्या पावसाळ्यात गाळ आणतात, खाड्यांची मुखं तो वर्षभर हलवत राहतात आणि पाण्यातली सूक्ष्म वनस्पती उरलीसुरली पारदर्शकता खाते. मालवणच्या खडकांशी चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी दोन-तीन. आता साधा हिशेब करू. वीस नॉट वेगाने चाललेली होडी सेकंदाला दहा मीटरहून थोडी जास्त जाते. चार मीटर दिसणाऱ्या पाण्यात पाणबुड्याला तिचा तळ पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्याकडे अर्धा सेकंदही नसतो. तो खाली जाऊ शकेल, असं म्हणावं तर त्यालाही वेळ लागतो. अंगातल्या फुगवत्या जाकिटातली हवा सोडायची, श्वास सोडायचा, मग शरीर बुडायला लागतं. आणि वर येतानाच्या शेवटच्या टप्प्यात शरीराचा कल नेमका उलटा असतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे शेवटच्या दहा मीटरांत जाकिटातली हवा फुगून दुप्पट होते. तेवढ्याच अंतरात इतका बदल आणखी खोलावर कधीच होत नाही. नवशिक्या माणूस याच भागात आपोआप वर खेचला जातो.

त्याने भर्रकन वर यावं आणि होडीत चढावं, हाही उपाय नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडावा म्हणून वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास ठेवण्याची आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबण्याची शिस्त जगभर पाळली जाते. श्वास रोखून घाईने वर आलेल्याचं फुप्फुस फाटू शकतं. या शिस्तीने शेवटचे पाच मीटर चढायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या वेळात वीस नॉटची होडी सुमारे ३४० मीटर येते. म्हणजे पाणबुड्याने पाच मीटरवर थांबून कान दिला, इंजिनाचा आवाज जवळचा वाटला नाही आणि तो निघाला, तरी त्या क्षणी तीनशे मीटरवर असलेली होडी तो डोकं बाहेर काढेल तेव्हा त्याच्या डोक्यावर असेल. हीच होडी पाच नॉटने आली तर तेवढ्या वेळात ती पंचाऐंशी मीटरच येते. या एका भागाकारात सगळा विषय आहे. जगभरच्या नियमांत पुन्हा पुन्हा दिसणारे पाच नॉट आणि शंभर-दोनशे मीटर हे आकडे हवेतून आलेले नाहीत, हे त्यावरून लक्षात येतं.

आता सुकाणूवरच्या माणसाच्या, म्हणजे तांडेलाच्या, जागी उभं राहू, कारण त्यालाच सगळा दोष देणं सोपं आणि अन्यायाचं आहे. पाण्याबाहेर आलेलं डोकं वीत-दीड वीत उंच. अर्ध्या मीटरची लाट असली की ते निम्मा वेळ तिच्या मागे दडलेलं. काळा पोशाख, काळी टोपी. दुपारनंतर पश्चिमेला तोंड करून निघालेल्या तांडेलाच्या डोळ्यांत समोरून ऊन आणि पाण्याची चकाकी. आउटबोर्ड लावलेली होडी वेग घेताना नाळ वर उचलते आणि पुढचं जवळचं पाणी तांडेलाला दिसेनासं होतं. पाणबुड्याचे बुडबुडे वर येतात हे खरं, पण ते शांत पाण्यात, थांबलेल्या होडीतून दिसतात. आणि चूक झाली तर दुसरी संधी नाही. पूर्ण वेगात आउटबोर्डचा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला चाळीस-पन्नास फेरे घेतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे घाव. होडी त्याच सेकंदात दहा मीटर पुढे जाते, म्हणजे दर सात-आठ सेंटिमीटरला एक घाव. ज्याला हे चित्र नकोसं वाटतं त्याने निदान एवढं मान्य करावं की 'लक्ष ठेवून चालव' हा सल्ला इथे पुरेसा नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून आदळली आणि पंधरा जण गेले. भर दिवसा, मुंबई बंदराच्या पाण्यात, शंभरावर माणसं घेऊन जाणारी बोट कुणालाही दिसत होतीच. वेगाला चूक सावरायला वेळ मिळाला नाही. एवढी मोठी बोट दिसूनही चुकवता येत नसेल, तर न दिसणाऱ्या डोक्याची कथा काय?

म्हणून माणूस दिसत नाही तर त्याची खूण दिसावी, ही कल्पना आली. तिची दोन रूपं प्रचारात आहेत आणि त्यांची गल्लत होते. अमेरिकेत मिशिगनच्या डेन्झेल डॉकरी नावाच्या नौदलातून आलेल्या गृहस्थाने १९५६ मध्ये लाल कापडावर तिरपा पांढरा पट्टा असा बावटा बनवला. तो तिथल्या राज्यांनी कायद्यात घेतला आणि आज पाणबुड्यांच्या टी-शर्टवरही तोच दिसतो. तो सांगतो, इथे खाली माणूस आहे. दुसरा आंतरराष्ट्रीय संकेतावलीतला 'अल्फा' बावटा, अर्धा पांढरा, अर्धा निळा, शेपटीला खाच असलेला. त्याचा अर्थ: माझा पाणबुड्या पाण्यात आहे, दूर राहा आणि हळू जा. सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, जे १९७७ पासून लागू आहेत आणि भारतालाही बंधनकारक आहेत, या दुसऱ्याला स्थान आहे. पाण्याखालच्या कामात गुंतलेली नौका इतरांच्या वाटेतून बाजूला होऊ शकत नाही, तेव्हा इतरांनी तिला वाट द्यावी, असं हे नियम म्हणतात; तिने कुठल्या खुणा लावाव्यात ते सत्ताविसावा नियम सांगतो. लहान होडीला सगळ्या खुणा लावणं शक्य नसेल तर तिने निदान या बावट्याची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती लावावी, रात्री एकाखाली एक लाल-पांढरा-लाल दिवे लावावेत. 'ताठ' हा शब्द सहज पडलेला नाही. कापडी बावटा वारा पडला की काठीला गुंडाळला जातो, आणि वारा बोटीच्या दिशेने असला की समोरून फक्त त्याची धार दिसते. आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. इथल्या बोटींवर देवाचे, पक्षाचे, सणाचे आणि नुसत्या हौसेचे इतके बावटे असतात की त्या रंगीत गर्दीत पांढऱ्या-निळ्याला कुणी ओळखणार नाही. प्लायवूडचा मीटरभर तुकडा कापून रंगवला तर मात्र तो वेगळा दिसेल.

पण पाटी लावली म्हणजे काम झालं असं मानणारे दोन्ही बाजूंना आहेत. बावट्याचं काम दोन्हीकडच्या वचनांवर चालतं: पाणबुड्याने त्याच्या जवळच वर यायचं, आणि बोटीने त्याच्या जवळ वेग सोडायचा. यातलं एक वचन मोडलं की दुसरं निरर्थक होतं. इटलीत पाणबुड्याने आपल्या खुणेपासून पन्नास मीटरच्या आत राहायचं आणि बोटींनी खुणेपासून शंभर मीटर दूर राहायचं, असा सौदा आहे. मधले पन्नास मीटर चुकीसाठी ठेवलेले. न्यूझीलंडमध्ये अल्फा बावटा लावलेल्या नौकेपासून दोनशे मीटरच्या आत पाच नॉटची मर्यादा आहे. फ्लॉरिडात उघड्या समुद्रात सुमारे ९० मीटर आणि नदी-खाडीच्या वाहत्या मार्गात सुमारे ३० मीटर, एवढ्या अंतरात आलात तर इंजिन मंद करायचं. अरुंद वाटेत अंतर कमी ठेवलं आहे, याची आठवण ठेवावी. पुढे खाडीच्या मुखाचा प्रश्न येईल तेव्हा ती उपयोगी पडेल. या सगळ्यांत मला इटलीचा नियम सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो दोघांनाही आकडा देतो. फक्त बोटीवाल्याला आकडा देणारा नियम पहिल्या भांडणातच मोडतो. पाणबुड्या खुणेपासून दोनशे मीटरवर वर आला तर तांडेलाने काय करायचं होतं, या प्रश्नाला मग उत्तर नसतं.

प्रवाहात पाणबुड्या लांब वाहत जातो, तेव्हा होडीवरचा बावटा कामाचा नाही हे उघड आहे. त्यासाठी त्याने स्वतःची खूण बाळगायची असते. खालूनच हवा भरून वर सोडायची नारिंगी नळकांडी आता बहुतेक प्रशिक्षित पाणबुड्यांच्या सामानात असते. ती पाण्यावर माणसाएवढी उभी राहते आणि तिच्या दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं. ही काही आधुनिक अक्कल नाही. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर टाकीविना बुडी मारून शिंपले आणि समुद्री वनस्पती काढणाऱ्या हेन्यो बायका पिढ्यान् पिढ्या एक तरंगता गोळा बरोबर नेतात. पूर्वी तो भोपळ्याचा असे, आता नारिंगी कापड गुंडाळलेल्या थर्मोकोलचा असतो. त्याला जाळी बांधलेली, तीत माल ठेवायचा, दोन बुड्यांच्या मध्ये त्यावर टेकून दम घ्यायचा. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेची नोंद केली ती संस्कृती म्हणून. मला तीत ही सुरक्षेची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते, कारण तो गोळा कमाईचंच साधन आहे. सुरक्षेसाठी वेगळं काही उचलायचं नसलं की ते कुणी घरी विसरत नाही.

आपल्याकडेही पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा आहेत. गिलनेट टाकणारे लोक जाळ्याच्या टोकाला बोया सोडतात, त्यावर बांबू आणि बांबूवर फडकं. कुठलाही तांडेल ते फडकं चुकवून जातो. त्याला दुसऱ्याच्या जाळ्याची दया येते म्हणून नव्हे. जाळं पंख्यात गुंतलं तर दिवस वाया जातो, गिअरबॉक्सवर येतं आणि वर भांडण होतं. म्हणजे खूण पाहून वाट बदलण्याची सवय या किनाऱ्याला लावायची नाही, ती आहेच. अडचण अशी की जाळ्याच्या फडक्यापासून तो दहा-पंधरा मीटरवरून पूर्ण वेगात जातो, आणि जाळ्याला तेवढं पुरतं. पाणबुड्याला पुरत नाही. त्यामुळे पाणबुड्याची खूण जाळ्याच्या खुणेसारखी दिसली तर नुसती निरुपयोगीच नाही, उलटी धोक्याची ठरेल. तांडेल आपल्या समजुतीने ती चुकवेल आणि निर्धास्तपणे माणसाच्या डोक्यावरून जाईल. बांबू आणि लाल फडकं हा स्वस्त उपाय सुचवणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा.

यावर एक सरळ आक्षेप असा: इतकी यातायात कशाला, पाणबुड्यांना वेगळी जागा नेमून द्या, तिथे बोटी नकोत. कागदावर हे आकर्षक आहे. ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅकॉल १८ डिसेंबर २००० ला मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाजवळ अशाच राखीव पाण्यात मुलांबरोबर बुडी मारून वर येत होती. वेगवान बोटींना तिथे मज्जाव होता, तरी एक आली. मुलाला बाजूला ढकलताना ती गेली. खटला झाला आणि बोट आपणच चालवत होतो म्हणणारा कामगार किरकोळ दंड भरून सुटला. राखीव जागेची हद्द पाण्यावर दिसत नसेल आणि ती मोडल्याची किंमत नगण्य असेल, तर तिथे उतरणारा पाणबुड्या उलट जास्त बेसावध असतो. आपल्याकडचा अनुभवही यापेक्षा फार वेगळ्या दिशेने जाईल असं वाटत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त गाभा. मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला, आणि त्यांचं कारण समजण्यासारखं आहे: खडकाशी मासा असतो. पर्यटकाला मासा पाहायला जिथे न्यायचं, नेमकं तिथेच मच्छीमाराला जाळं टाकायचं असतं. पावसच्या आसपासचे बुडालेले कातळही असेच दोघांना हवेसे ठरतील. वेगवेगळ्या जागा देण्याचा पर्याय तिथे कामाचा, जिथे दोघांना वेगवेगळ्या जागा हव्या असतात.

दुसरा आक्षेप मच्छीमाराचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. समुद्र आमच्या पोटाचा, पर्यटक दोन तासांचा, त्याच्या मौजेसाठी आम्ही डिझेल जाळून वळसा का घालायचा? शिवाय खाडीच्या तोंडाशी वेग कमी करा म्हणणाऱ्याने तिथून कधी बोट काढलेली नसते. कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, आत यायला भरतीचा नेमका वेळ गाठावा लागतो, आणि मागून फुटणारी लाट असताना इंजिन कमी केलं तर सुकाणू पाणी धरत नाही, बोट आडवी होते आणि उलटते. हे शब्दशः खरं आहे. म्हणून माझं उत्तर असं की तांडेलाला जिथे वेग सोडणं शक्य नाही तिथे पाणबुड्याने उतरायचंच नाही. खाडीचं मुख, बंदरात शिरण्याची वाट आणि जहाजांच्या जेटीचा पट्टा हे त्याला बंद. फ्लॉरिडानेही अरुंद वाटेत बोटीला सवलत देऊन हेच कबूल केलं आहे. जाळं ओढत असलेल्या ट्रॉलरच्या वाटेतही पाणबुड्या नको. तो दोन-तीन नॉटने चाललेला असतो, त्याचा पंखा नव्हे तर मागचं जाळं हा धोका असतो, आणि त्याला पटकन वळता येत नाही. या जागा सोडून उरलेल्या समुद्रात, बावट्याभोवतीच्या शंभर मीटरसाठी, वेग सोडायला तांडेलाचं किती नुकसान होतं? दोनशे मीटरचा व्यास पाच नॉटने ओलांडायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं, आणि वळसा घातला तर त्याहून कमी. पर्यटकाच्या मौजेचं म्हणाल तर टाकी लावून पाण्यात उतरलेला गाइड बहुतेकदा त्याच गावातल्या गाबीत नाहीतर खारव्याचा मुलगा असतो. हंगाम संपला की जाळ्यावर जातो आणि जाळं पंख्यात अडकलं तर टाकीविनाच खाली जातो.

तिसरा आक्षेप आळशी आहे, पण ऐकू येतो: असा अपघात इकडे कुठे होतो? जिथे पाणबुडे थोडे आणि बोटी विखुरलेल्या, तिथे अपघात न होणं हा व्यवस्थेचा गुण म्हणता येत नाही. गर्दी वाढली की काय होतं ते मालवणात पाहावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि दांडी, तारकर्ली, देवबागच्या पाण्यात स्कूबाच्या होड्या, पॅरासेलिंगच्या वेगवान बोटी, जेट स्की, बनाना राइड आणि किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या एकाच पट्ट्यात फिरतात. हौशी पर्यटकाला थोड्याच खोलीवर नेतात, म्हणजे तो सगळा वेळ नेमका पंख्यांच्या जवळच्या थरात असतो. तिथे परक्या ट्रॉलरपेक्षा शेजारच्या स्कूबा होडीचा धोका जास्त, कारण तीच सर्वांत जवळ येते आणि पुढचं गिऱ्हाईक आणायला तिला घाई असते. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. ते त्या वेळी पाण्याखाली नव्हते, होडीत होते. चर्चा परवान्याची आणि लाइफ जॅकेटांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्यातून एवढंही दिसलं की या धंद्यातला धोका टाकी-नळीत कमी आणि वर, होडीच्या चालवण्यात जास्त आहे. पाणबुड्याला प्रमाणपत्र लागतं, गाइडला लागतं, टाकीची तपासणी होते. त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्याला मात्र पांढरा-निळा बावटा म्हणजे काय, हे विचारायची वेळ कुणावर येत नाही.

पंख्याभोवती जाळीचं कडं बसवा, असंही कुणी सुचवतं. स्कूबाच्या स्वतःच्या होड्यांना ते बसवायला हरकत नाही, शिडीजवळच्या अपघातांत त्याचा उपयोग होतो. पण वेगात आलेल्या बोटीचा नुसता तळ किंवा ते कडंच डोक्यावर बसलं तरी माणूस वाचत नाही, आणि मच्छीमार आपल्या पंख्याला असं काही लावणार नाही, कारण त्यात जाळं आणि दोऱ्या अडकतात. पुन्हा आपण वेगापाशीच येतो.

वेग सोडायला शिकवायचं ते तांडेलाला, हे ठरलं की कसं हे अवघड राहत नाही. या किनाऱ्यावरचा माणूस बावट्याची भाषा पिढ्यांपासून वाचतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की पूर्णगडचा म्हातारा खलाशीही बोट आत घ्यायला सांगतो, त्यासाठी त्याला हवामानशास्त्र शिकावं लागलेलं नाही. त्या बावट्याला वजन आहे कारण तो उगाच लागत नाही आणि त्याकडे दुर्लक्ष केलेल्यांचं काय झालं ते गावाला माहीत असतं. पाणबुड्याचा बावटा त्याच रांगेत बसवायचा तर रत्नागिरीच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात, जिथे मच्छीमार तरुणांना नौकानयन आणि इंजिन शिकवतात, तिथे तो पहिल्या आठवड्यात यायला हवा. सहकारी संस्थांच्या कार्यालयात आणि समुद्रात जाण्याआधी बोटी टोकन घेतात त्या टेबलामागे त्याचं चित्र लागायला हवं. सागरी मंडळाने स्कूबाचा परवाना देताना मागायचं ते एवढंच: मीटरभराची ताठ प्रतिकृती, पाण्यात माणूस असेपर्यंत होडीवर थांबणारा आणि चारी बाजूंना पाहणारा एक जण, आणि सकाळी कुठल्या कातळावर उतरणार याची टोकनच्या टेबलावर दिलेली खबर. त्या बदल्यात बावट्याजवळून वेगात गेलेल्या बोटीचा क्रमांक नोंदवला जाईल आणि संस्थेसमोर येईल. दंडापेक्षा याचा धाक मच्छीमाराला जास्त असतो. स्कूबावाल्यांनी त्यांच्या बाजूने पाळायचं त्यात सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम अगदी साधा आहे: शेवटचा माणूस शिडीवर चढला, डोकी मोजून झाली, की बावटा उतरवायचा. तो दिवसभर तसाच ठेवून जेटीला परत आलेली होडी पाहिली, की तांडेल उद्यापासून त्याला वेग सोडणार नाही, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही.